गाणी राजरत्नची, वाचक शीलाचे

राजरत्न अहिरेच्या स्वभावात एक खोट होती आणि ती त्याची त्याला ठाऊक होती. दुसऱ्याचं कौतुक कानावर पडलं की त्याचं तोंड बंद व्हायचं. तो भांडायचा नाही, कुणाला वाईटही बोलायचा नाही. नुसता गप्प व्हायचा, आणि ते दिवस दिवस चालायचं.

आठवड्याचे सहा दिवस तो अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. शुक्रवारी कंपनी बंद. उरलेल्या वेळात तो ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. जयंतीचे कार्यक्रम, हळदीचे कार्यक्रम, गणपतीतले कार्यक्रम, बोलावणं येईल तिथे. स्टेजवर कीबोर्डवाला मागे बसतो. हार गायकाच्या गळ्यात, टाळ्या गायकाला, लोक खिशातून नोट काढून ओवाळणार तीही गायकावरून. राजरत्न मागे बसून हे बारा वर्षं बघत होता. कार्यक्रम संपला की सगळे वडापाव खायला जायचे आणि हा वायरी गुंडाळत बसायचा.

म्हणून त्याने स्वतःची गाणी केली. शब्द त्याचे, चाल त्याची, गळाही त्याचाच. जयंतीला सिनेमाच्या चालीवर शब्द बसवतात, तसली नव्हेत. कंपनीतल्या भोंग्यावर एक होतं, तो राहायचा त्या सुभाष टेकडीच्या चढावर पाणी वाहून नेणाऱ्या बायकांवर एक होतं, आईवर एक होतं. अशी चौदा. कल्याणच्या एका लहानशा स्टुडिओत त्याने ती रेकॉर्ड केली, सीडी काढली आणि ओळखीपाळखीत वाटली. लोक म्हणाले, छान आहे. नंतर कुणी काही बोललं नाही. उरलेल्या सीड्या माळ्यावर गेल्या.

ब्लॉगची कल्पना त्याच्या बायकोची, शीलाची. हे दोन हजार आठ सालचं. शीला उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये परसराम सेठच्या दुकानात मराठी टायपिंग करायची. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, वकिलांचे कागद, जे येईल ते. दुकानात इंटरनेट आलं होतं, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती मराठी ब्लॉग वाचायची.

"लोकं घरात काय शिजलं ते लिहितात," ती एका शुक्रवारी जेवताना म्हणाली. "तुमची तर गाणी आहेत. गाणी पण टाकता येतात त्याच्यावर. अमेरिकेतला माणूस ऐकेल."

"अमेरिकेतला माणूस माझं काय ऐकणार?"

"इथला तरी कुठं ऐकतोय?"

हे त्याला लागलं, पण खरं होतं. पुढच्या शुक्रवारी तो दुकानात गेला. परसराम सेठ खुर्ची ओढून बाजूला बसला आणि म्हणाला, "कर लो, कर लो, शीला घर का आदमी है." शीलाने ब्लॉग उघडला. नाव दिलं, 'राजरत्नची गाणी'. राजरत्नला टाइप करता येत नव्हतं, म्हणून त्याने सांगितलं आणि तिने लिहिलं : मी संगीतकार राजरत्न अहिरे, राहणार उल्हासनगर. माझी गाणी ऐकून अभिप्राय कळवावा. एवढंच.

दर आठवड्याला एक गाणं चढायचं. खाली गाण्याचं नाव आणि 'अभिप्राय कळवावा'. सहा आठवडे कुणीही अभिप्राय कळवला नाही. राजरत्न घरी आलेल्या शीलाला पाण्याचा ग्लास हातात द्यायच्या आधी विचारायचा, "काय आलं?" ती मान हलवायची. मग तो विचारायचाही बंद झाला.

सातव्या गाण्याच्या वेळी त्याची सेकंड शिफ्ट होती. शीलाने दुकानातून त्याच्या कंपनीत फोन केला. "नुसतं नाव टाकून कंटाळा येतो. दोन ओळी लिहू का मी माझ्या?"

"लिही काय लिहायचं ते," तो म्हणाला. मागे मशीन चालू होतं, फोरमन बघत होता, त्याने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. संध्याकाळी ती आली ती दारातच म्हणाली, "अकरा आले."

"अकरा काय?"

"अभिप्राय. अकरा."

शनिवारी शिफ्टला जायच्या आधी राजरत्न दुकानात गेला. शीलाने पान उघडून दिलं आणि ती गिऱ्हाइकाकडे वळली. त्याने वाचायला सुरुवात केली. तिने लिहिलं होतं :

'आमच्या घरच्या कीबोर्डची मधली एक काळी पट्टी दोन वर्षांपासून मुकी आहे. दाबली की नुसता टक असा आवाज येतो. दुरुस्तीला टाकू टाकू म्हणत राहिलं. ह्यांना कधी तिची अडचण झाल्याचं मी ऐकलं नाही. पण मी पोळ्या लाटताना ऐकत असते. दोन वर्षांत ह्यांनी जेवढी गाणी केली, त्या सगळ्यांची चाल त्या पट्टीपाशी येते आणि वळसा घालून पुढे जाते, जसं आपण अंगणात झोपलेल्या माणसाला न उठवता पलीकडे जातो. ह्या गाण्यातही तो वळसा आहे. दुसऱ्या ओळीत ऐका.'

राजरत्नने ते दोनदा वाचलं. मग मनातल्या मनात सातवं गाणं गायला. दुसरी ओळ. वळसा होता. पाचवं गायला, नववं गायला. सगळीकडे तोच. चाली त्याच्या होत्या, बोटं त्याची होती, आणि ही गोष्ट त्याला माहीत नव्हती.

खाली अकरा जणांनी लिहिलं होतं. 'शीलाताई, काय लिहिलंय तुम्ही.' 'शीलाताई, झोपलेल्या माणसाची उपमा डोक्यातून जात नाही.' 'पुन्हा लिहा.' पुण्याच्या एकाने लिहिलं होतं, 'नेट स्लो आहे, गाणं अजून ऐकलं नाही, पण ऐकल्यासारखं वाटलं.'

हे शेवटचं वाक्य राजरत्नच्या काळजात रुतून बसलं. गाणं न ऐकता ऐकल्यासारखं वाटलं. म्हणजे गाण्याची गरजच नाही.

"कसं आहे?" शीलाने मागून विचारलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पण घरातली मोडकी वस्तू लोकांना कशाला दाखवायची?"

ती पुढची पत्रिका टाइप करायला बसली.

पुढच्या गाण्यांखालीही ती लिहीत गेली. भोंग्याच्या गाण्याखाली तिने कंपनीच्या डब्याविषयी लिहिलं. आईच्या गाण्याखाली तिने सासूविषयी लिहिलं, सरस्वतीबाईंविषयी, ज्या रोज सकाळी वंदना घेताना मधेच कुकरची शिट्टी मोजायच्या. अभिप्राय अकराचे वीस झाले, विसाचे तीस. दर वेळी त्यांतल्या दोन-तीन जणांनी गाण्याचा उल्लेख केलेला असायचा. राजरत्न ते दोन-तीन शोधून काढायचा आणि मोजायचा.

परसराम सेठने तिला समोर बसवून चहा पाजला. "शीला, तू तो राइटर निकली." कंपनीतला हरिचंद्र, पालेगावचा, ऑर्केस्ट्रात ढोलकीला असायचा, तो कॅन्टीनमध्ये पाठीवर थाप मारून म्हणाला, "राजा, मना पोरीनी वाचून दाखवला. वैनी भारी लिवते."

"गाणं ऐकलंस का?"

"गाना तं मी वाजवलाय तुझ्याबरोबर. तो काय नवीन हाय?"

राजरत्नने डबा अर्धा टाकून दिला. घरी आल्यावर तो शीलाशी नेहमीसारखा बोलायचा, भाजी आणायचा, मुलीचा, संध्याचा, अभ्यास घ्यायचा. पण शीला काही लिहायला वही घेऊन बसली की त्याला नेमका तेव्हा रियाज सुचायचा. तो आवाज वाढवायचा. ती वही मिटून स्वयंपाकघरात जायची आणि ओट्याशी उभी राहून लिहायची. ते बघून तर त्याचा अधिकच जळफळाट व्हायचा, कारण तिला कशाचीच अडचण होत नव्हती.

मे महिन्यात बदलापूरहून बोलावणं आलं. वेणूताई म्हणून एक निवृत्त शिक्षिका होत्या. गावातल्या एका शाळेच्या वर्गात त्या दर महिन्याला वाचकांची बैठक भरवायच्या. त्यांनी ब्लॉगवरच लिहिलं होतं : 'शीलाताई, जुलैच्या बैठकीला तुम्ही यावं आणि तुमचे लेख वाचावेत. अहिरेसाहेबांनाही घेऊन या. जमल्यास शेवटी एखादं गाणं म्हणतील.'

जमल्यास. शेवटी. एखादं. राजरत्न हे तीन शब्द दोन दिवस चघळत होता. शीलाने त्याला विचारून, तो "जा की" म्हणाला तेव्हा, होकार कळवला. त्याच आठवड्यात शुक्रवारी तो 'सिगरेटी आणतो' म्हणून बाहेर पडला. तो सिगरेट ओढत नसे. रिक्षा पकडून तो अंबरनाथला गेला, कंपनीपासून लांब, जिथे त्याला कुणी ओळखणार नाही अशा एका सायबर कॅफेत शिरला आणि कोपऱ्यातलं मशीन घेतलं.

शीलाचा ताजा लेख पाणी वाहणाऱ्या बायकांच्या गाण्याखाली होता. तिने लिहिलं होतं की ही चाल ह्यांना टेकडीवर, नळाच्या रांगेत, रिकाम्या ड्रमवर बोटं वाजवताना सुचली. राजरत्नने इंग्रजी अक्षरांत, एकेक बटण शोधत, मराठी अभिप्राय लिहिला. अर्धा तास लागला.

'बाईंना माहिती नाही. ही चाल टेकडीवर नाही, शहाडला पाहुण्यांच्या घरी सुचली होती. उगाच गोष्टी रचू नयेत. इथे लोक गाणी ऐकायला येतात, बायकोच्या गप्पा वाचायला नाही.' खाली नाव दिलं, एक रसिक.

बाहेर आल्यावर त्याला हलकं वाटलं. तो चालतच बरंच अंतर आला. घरी पोचेपर्यंत मात्र तो हलकेपणा उतरला होता आणि त्या जागी भीती बसली होती, कशाची ते त्याला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शीला दुकानातून आली. तिने चप्पल काढली, हातपाय धुतले, कणीक मळायला घेतली. काही बोलली नाही. राजरत्नने सोमवारी पुन्हा कॅफेत जाऊन बघितलं. तिने उत्तर दिलं होतं : 'रसिक महाशय, चूक दाखवल्याबद्दल आभार. आठवलं, शहाडच बरोबर. तुमचं म्हणणंही बरोबर आहे. यापुढे इथे फक्त गाणी असतील.'

तिने शब्द पाळला. पुढच्या आठवड्यात गाणं चढलं, खाली नाव, आणि 'अभिप्राय कळवावा'. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तसंच. वाचकांनी आधी विचारलं, शीलाताई कुठे गेल्या? मग ते त्या रसिकावर तुटून पडले. कुणी त्याला कुजका म्हणालं, कुणी म्हणालं, ह्याच्या घरी कधी कुणी चांगलं बोललेलं दिसत नाही. राजरत्न अंबरनाथच्या कॅफेत बसून स्वतःला पडलेल्या शिव्या वाचत होता आणि त्यातही त्याच्या लक्षात येत होतं की गाण्याबद्दल अजूनही कुणी काही बोलत नाही. मग हळूहळू शिव्याही थांबल्या. जून संपेपर्यंत ब्लॉग पहिल्यासारखा झाला. शून्य. त्याला हवं होतं ते झालं होतं. आता तिथे फक्त त्याची गाणी होती.

घरातही तसंच होतं. शीला वही घेऊन बसायची नाही. जेवण व्हायचं, टीव्ही व्हायचा, ती झोपायची. राजरत्न वाजवायला बसला की ती पोळ्या लाटत असायची, पण आता तिचं लाटणं थांबायचं नाही. पूर्वी चालीत काही नवं आलं की ते क्षणभर थांबायचं, हे त्याला आता थांबत नाही तेव्हा कळलं. दहा वर्षं घरात त्याला एक ऐकणारं माणूस होतं. त्याने ते स्वतःच्या हाताने उठवून लावलं होतं.

जुलैच्या बैठकीच्या आधी चार दिवस शीला म्हणाली, "वेणूताईंना नाही म्हणून कळवते."

"का?"

"काय वाचू? बंद केलं ना मी."

"जुनं वाच. पट्टीवरचं वाच." हे शब्द कसे निघाले ते त्यालाच कळलं नाही. "मी कीबोर्ड घेतो. आपण जाऊ."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

बदलापूरच्या शाळेतला वर्ग लहान होता. चाळीसेक माणसं बाकांवर दाटीवाटीने बसली होती, बहुतेक वयस्क. वेणूताईंनी शीलाचं स्वागत केलं, राजरत्नला "या, या, तुम्ही पेटी वाजवता ना?" असं विचारलं आणि त्याच्या उत्तराची वाट न बघता त्याला मागच्या भिंतीशी प्लगजवळ जागा दिली. पुन्हा मागे. शीला टेबलाशी उभी राहिली. तिच्या हातातला कागद हलत होता. ते बघून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली.

तिने वाचलं. झोपलेल्या माणसाची ओळ आली तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका आजोबांनी "अरे वा" म्हटलं. वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या. शीला टाळ्या थांबायची वाट बघत उभी राहिली आणि मग म्हणाली, "हे गाण्याबद्दल आहे. गाणं ऐकल्याशिवाय ह्याला काही अर्थ नाही. तर आता ऐका."

राजरत्नने वाजवलं आणि गायलं. पहिल्या ओळीला माणसं नुसती बसली होती. दुसऱ्या ओळीला चाल त्या पट्टीपाशी आली, वळली, आणि वर्गातली दहा-पंधरा डोकी एकदम हलली. त्यांना ते ऐकू आलं होतं. बारा वर्षं स्टेजवर बसून त्याने असं कधी पाहिलं नव्हतं. त्याचा आवाज अंतऱ्यात जरा फाटला, पण त्याने गाणं पूर्ण केलं.

टाळ्या झाल्या. चांगल्या झाल्या. मग चहा आला आणि लोक उठून शीलाभोवती गोळा झाले. त्याच्याकडे ते आजोबा एकटे आले, दोन मिनिटं चालीबद्दल बोलले आणि तेही तिकडे गेले. राजरत्न वायरी गुंडाळू लागला.

परतताना कीबोर्ड होता म्हणून त्यांनी अख्खी रिक्षा केली. कीबोर्ड दोघांच्या मांडीवर आडवा. अंबरनाथ मागे पडल्यावर राजरत्न समोर बघतच म्हणाला, "तो रसिक मी होतो."

"माहितीय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. शहाडचं आपल्या दोघांशिवाय कुणाला माहीत होतं? घर माझ्या दादाचं, पण त्यालासुद्धा नाही. तो झोपला होता तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. दोन महिने थांबले."

रिक्षावाल्याने आरशातून एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

"मला सहन नाही झालं," राजरत्न म्हणाला. "लोकांचं जाऊ दे. त्या पट्टीचं तुला कळलं आणि मला नाही, ते सहन नाही झालं. माझ्याच चाली."

"आणि मला काय वाटायचं, ते विचारलं कधी?" शीलाचा आवाज चढला नाही, पण ती थांबलीही नाही. "दहा वर्षं तुम्ही दार लावून गाणी करताय. तुमच्याकडे जायला एक जागा होती. माझ्याकडे काय होतं, लोकांच्या पत्रिका. मी पण जळायचे तुमच्यावर. खूप जळायचे. पण मी कधी कीबोर्डची वायर तोडली नाही."

उल्हासनगरला उतरल्यावर त्याने कीबोर्ड खांद्यावर घेतला आणि म्हणाला, "परत लिही."

"लिहीन. पण तुमच्या ब्लॉगवर नाही. माझा वेगळा काढीन."

हे त्याला अपेक्षित नव्हतं. त्याने विनवणी केली, चिडला, आठवडाभर गप्प राहिला. शीला ढळली नाही. ऑगस्टमध्ये तिने स्वतःच्या नावाने ब्लॉग काढला. त्यात ती सुभाष टेकडीवरच्या माणसांविषयी लिहायची, दुकानात पत्रिका छापायला येणाऱ्या बापांविषयी लिहायची, आणि कधीमधी एखाद्या गाण्याविषयी, स्वतःला वाटलं तर. एका दिवाळी अंकाने तिचे दोन लेख छापले. वेणूताईंनी तिला आणखी दोनदा बोलावलं. दुसऱ्या खेपेला राजरत्न गेला नाही. सेकंड शिफ्ट आहे म्हणाला. नव्हती.

त्याच्या ब्लॉगवर आता लिहायला कुणी नव्हतं. मग तो दर शुक्रवारी शीलाकडून टायपिंग शिकायला लागला. ती शिकवताना कडक होती, चूक झाली की त्याच्या बोटावर पेन्सिल मारायची. तो जे लिहायचा ते रुक्ष असायचं. गाणं कधी केलं, कुठल्या तालात आहे, ढोलकीला कोण. वाचक दोन-चार असायचे, कधी कुणीच नाही. रसिक म्हणून लिहिलेला अभिप्राय त्याने काढून टाकायचं ठरवलं तेव्हा शीला म्हणाली, राहू द्या. तो अजून तिथेच आहे, आणि त्याखाली राजरत्नने स्वतःच्या नावाने एक ओळ टाकलेली आहे : 'वरचा रसिक मीच. चूक माझी.'

मत्सर मात्र गेला नाही. हरिचंद्रला तो कॅन्टीनमध्ये सरळ सांगायचा, "आज तिला बावीस आले. जळतोय मी." हरिचंद्र हसायचा. सांगून टाकलं की त्याला जेवण जायचं, एवढा फरक पडला होता.

पुढच्या वर्षी डिसेंबरात एकदा असंच झालं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. शीला एका मशीनवर, तो दुसऱ्यावर.

"किती?" त्याने विचारलं.

"सतरा. तुमच्याकडे?"

"एक. नागपूरचा कुणी कीबोर्डवाला आहे. आईच्या गाण्याची चाल कुठल्या पट्टीत वाजवू विचारतोय. बॅंडमध्ये बसवतोय म्हणे."

शीलाची बोटं थांबली. तिने खुर्ची फिरवून त्याच्या पडद्यावर ते वाचलं. मग ती आपल्या मशीनकडे वळली. "मग सांगा की त्याला," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात जे होतं ते राजरत्नने लगेच ओळखलं.

त्याने टाइप करायला घेतलं. तीन ओळींच्या उत्तराला त्याला पाऊण तास लागला.